नोएला असेल तर चालेल

सेर्व्हे फासोतच्या कॅफेत, बिलियर्डच्या टेबलामागच्या भिंतीवर, पत्र्याची एक पाटी होती. 'मास्से मारण्यास मनाई आहे.' व्हर्व्हिए या आमच्या गावातल्या बहुतेक कॅफेंमध्ये तेव्हा अशी पाटी असे, त्यात नवल काही नाही. सेर्व्हेच्या पाटीखाली मात्र खडूने लिहिलेली आणखी एक ओळ होती, आणि ती मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. 'नोएला असेल तर चालेल.'

खडू पुसट झाला की सेर्व्हे स्टुलावर चढून तीच ओळ पुन्हा गिरवायचा. ही ओळ भिंतीवरून जाऊ नये, एवढी एकच गोष्ट नोएला कुनासने म्हातारपणी मनाशी घट्ट धरून ठेवली होती. ती आता नाही. तिच्याबद्दल सांगायला माझ्यापेक्षा बोलकी माणसं त्या कॅफेत खूप होती. पण ती बोलून मोकळी होतात, लिहीत नाहीत. मी फारसा बोलत नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं असावं. नीट उतरलं नाही तर दोष माझा, तिचा नाही.

आमच्याकडच्या टेबलाला भोकं नसतात. चेंडू तीन, दोन पांढरे आणि एक लाल. आपल्या पांढऱ्याने उरलेल्या दोघांना शिवलं की एक गुण. पण कधीकधी मधला चेंडू असा आडवा येतो की सरळ वाटच उरत नाही. मग काही जण काठी जवळजवळ उभी धरतात आणि चेंडूच्या डोक्यावर, एका अंगाला, वरून खाली ठोका देतात. चेंडू पुढे सटकतो, जागच्या जागी गरगरत थबकतो, आणि मागून कुणी हाक मारल्यासारखा वळतो. आडव्या आलेल्याला वळसा घालून तो पलीकडच्याला जाऊन टेकतो. हा मास्से. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला टेबलच कुठेतरी कललेलं वाटलं होतं.

हात जरा चुकला की काठीचं टोक चेंडूवरून घसरून कापडात घुसतं. खाली दगड असतो. दगड आणि काठी यांच्या कचाट्यात सापडलेलं कापड फाटतं. म्हणून मनाई. राजापूरहून आलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या कानाला 'मास्से' हा शब्द कसा लागला असेल ते मराठी वाचकाला सांगायला नको. सुरुवातीचे काही दिवस त्या पाटीकडे पाहिलं की मला जेवायची वेळ झाल्यासारखं वाटायचं.

मी लोकरीच्या गिरणीत रंगखात्यात होतो. वर्षभरासाठी काम शिकायला आलो आणि राहिलो. आमच्या गिरणीत बिलियर्डचं कापड निघायचं, आणि त्याचा हिरवा रंग बिघडू न देणं हे माझं काम. नोएला त्याच गिरणीत रफूखात्यात होती. तिथे उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्यांपाशी उतरत्या फळ्या मांडलेल्या असत. मागावरून उतरलेलं कापड बायका त्या फळ्यांवरून ओढत पुढे न्यायच्या आणि हाताने चाचपत जायच्या. गाठ असेल ती वर काढायची, तुटलेला धागा असेल तो सुईने पुन्हा भरायचा. भरल्यावर तो कुठे भरला ते भरणारीलाही सापडता कामा नये, अशी तिथली शिस्त. बघणारी बाई मागाहून यायची आणि सापडलं तर सगळं उसवायला लावायची. नोएलाचं कधी सापडायचं नाही, असं सगळे म्हणत. ती स्वतः म्हणायची, "सापडायचं की. पण त्या बाईला माझी भीती वाटायची."

ती रुंद हाडांची, ठेंगणी बाई होती. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. काम सुटलं की ती सेर्व्हेकडे यायची, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायची, कॉफी आणि तांदळाच्या टार्टचा एक तुकडा घ्यायची आणि खेळ बघायची. स्वतः खेळत नसे.

ती खडूची ओळ कशी आली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बस डेपोत इंजिनं दुरुस्त करणारा दियुदोने पिर्ने, ज्याला सगळे दोने म्हणत, त्याने पाटी झुगारून एकदा मास्से मारला. चेंडू सुंदर वळला. कापडही फाटलं.

"काठी ठेव आणि बाहेर हो," सेर्व्हे म्हणाला.

"अरे, पण गुण झाला की नाही ते तरी बघ."

"कापडाला भोक पाडलंस, त्यात गुण शोधू का मी?"

"भोक कसलं? ओरखडा आहे."

"तुझ्या पँटला असा ओरखडा पडला तर घरी चालत जाशील का तू?"

कोपऱ्यातून नोएला म्हणाली, "तुम्ही दोघं भांडा. पण आधी टेबलाची शेगडी कोणीतरी बंद करा."

टेबलाच्या दगडाखाली विजेची शेगडी असते, कापड कोरडं राहावं म्हणून. सेर्व्हेने ती बंद केली. नोएलाने टार्टचा घास संपवला, बोटं पुसली आणि वाकून फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. पिशवीतून अर्धचंद्रासारखी वाकडी सुई काढली. कडेला टेबलाच्या फळीखाली दुमडलेल्या कापडातून दोन-चार धागे ओढून घेतले, म्हणजे रंगाचा प्रश्नच नको. मग ती वाकली ती दिवस मावळेपर्यंत. शेवटी ओलसर फडकं, कोमट इस्त्री आणि लव एका दिशेने बसवायला हाताचा तळवा. दोनेने टेबलाभोवती चारदा फिरून पाहिलं आणि म्हणाला, "कुठे होतं?"

"तेच विचारू नकोस," नोएला म्हणाली.

"काय द्यायचं तुला?" सेर्व्हेने विचारलं.

"टार्ट. बुधवारी आणि रविवारी."

"जन्मभर?"

"तुझ्या टार्टवर माझा जन्म फार लांबणार नाही, घाबरू नकोस."

त्यावर सेर्व्हे हसला, स्टूल घेतलं आणि पाटीखाली ती ओळ लिहिली. तेव्हापासून बुधवार आणि रविवार हे आमचे मास्सेचे वार झाले. नोएला दारातून आत आली की माणसं काठ्यांच्या टोकांना खडू लावायला लागायची. ती नसेल तर कुणीही काठी उभी करायचं नाही. हा नियम पाटीपेक्षा जास्त पाळला गेला, कारण तो आमचा आम्ही केलेला होता.

मी बारा-तेरा वर्षं तिला 'मादाम कुनास' म्हणत होतो. एका बुधवारी तिने मला जवळच्या खुर्चीवर बसवलं.

"मुकू," ती म्हणाली, "तुझं पूर्ण नाव काय?"

"मुकुंद."

"ते मला जमणार नाही. मग मी मुकू म्हणते आणि तू नोएला म्हण. हिशेब मिटला."

त्याच दिवशी शब्दांची गोष्ट निघाली. कॅफेच्या भिंतीवर एक जुनं चित्र होतं. त्यात विग घातलेला सरदार टेबलाशी उभा आहे आणि त्याच्या हातात काठी नाही, टोकाला लाकडी ठोकळा असलेला लांब दांडा आहे. सेर्व्हेला ते चित्र समजावून सांगायला फार आवडे. पूर्वी चेंडू मारत नसत, त्या ठोकळ्याने ढकलत, असं तो सांगायचा. त्या दांड्याचं नाव मास, म्हणजे गदा. वरून खाली हाणायचं, गदा हाणल्यासारखं, म्हणून त्या फटक्याचं नाव मास्से. आणि चेंडू कडेला चिकटला की ठोकळा आत शिरेना, मग लोक दांडा उलटा धरून शेपटीकडच्या टोकाने मारू लागले. शेपटी ती क्यू. पुढे ठोकळा गेला आणि शेपटी राहिली.

"म्हणजे दोने शेपटीने खेळतो," नोएला म्हणाली.

"सगळेच शेपटीने खेळतात," दोने म्हणाला.

"तुझी जास्त शोभते."

मग तिने स्वतःची भर घातली. काठी उभी धरून चेंडूला वरून टोचायचं म्हणजे तो तिथल्या तिथे मागे येतो, त्याला पिके म्हणतात. "हा शब्द आमच्याकडून चोरलाय," ती म्हणाली. "सुई टोचली की पिके. तुमच्या सरदारांच्या आधीपासून आम्ही टोचतोय."

तिने मला कोपराने ढोसलं. "तुझ्याकडे काही नाही का?"

माझ्याकडे होतं, पण सांगायची लाज वाटत होती. या खेळात लाल चेंडूला काराम्बोल म्हणतात. मी कुठल्याशा शब्दकोशात वाचलं होतं की हे नाव एका फळावरून पडलं असावं, फळाचं नाव पोर्तुगीजांनी नेलं, आणि पोर्तुगीजांनी ते उचललं आमच्या करंबळावरून. राजापूरच्या घरामागे करंबळाचं झाड होतं. आडवी चकती कापली की चांदणी दिसते, मीठ लावून खायची, दात आंबतात. मी हे सगळं एका दमात सांगून टाकलं आणि खाली बघितलं.

मग दोने म्हणाला, "तुझं फळ लाल असतं का?"

"नाही. पिवळट हिरवं."

"मग आमचा चेंडू लाल कसा?"

"ते मला माहीत नाही. खरं असेलच असंही नाही."

"मला पटलं," नोएला म्हणाली. "हा माणूस इतकी वर्षं आपल्या चेंडूकडे असा बघतो, मला वाटायचं याला खेळ कळत नाही. हा झाडाखाली उभा असतो."

दुसऱ्या बुधवारपासून लाल चेंडू माझ्या वाटेत आला की कोणी ना कोणी म्हणायचं, "मुकू, तुझं फळ पडलंय, उचल." अगदी साधी थट्टा. पण एखाद्या जागी आपल्या नावाची थट्टा असणं म्हणजे काय, हे परक्या गावात वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसलेल्या माणसाला विचारा. ते मला तिने मिळवून दिलं.

दुसरंही काही तिने दिलं. मी मास्से कधी मारला नव्हता. त्या कापडाचा रंग मी घोटलेला, ते फाडायचं या विचारानेच माझा हात आखडे. एका रविवारी माझा चेंडू असा अडकला की मास्सेवाचून वाट नव्हती. मी काठी खाली ठेवली.

"काय झालं?" नोएला म्हणाली.

"फाटेल."

"फाड की. मी कशाला बसलेय इथे?"

"मला जमणार नाही."

"जमणार नाहीच. म्हणून तर फाटणार. मार."

मी मारला. चेंडू वळला नाही, कापड फाटलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर सगळे टाळ्या वाजवत होते. नोएला उठली, बोट फिरवलं आणि म्हणाली, "इतकं लाजरं भोक मी आजवर पाहिलं नाही." मग मी पुन्हा मारला, पुढच्या आठवड्यात पुन्हा, आणि कधीतरी तो वळला. चेंडू वळताना जे वाटतं ते मला लिहिता येणार नाही. एवढंच सांगतो की आपण फाडलेलं कोणीतरी न रागावता भरून काढणार आहे, हे ठाऊक असल्याशिवाय ते मला आयुष्यात जमलं नसतं. टेबलावर नाही आणि इतरत्रही नाही.

वर्षं गेली. आमची गिरणी बंद झाली, आम्ही दोघं घरी बसलो, पण बुधवार-रविवार सुटले नाहीत. मग एकदा तिने मला सुई ओवायला सांगितली.

"तुझे डोळे रिकामे बसलेत," ती म्हणाली.

पुढच्या वेळी पुन्हा सांगितली. मग मी घरूनच सुया ओवून, कापडाच्या तुकड्यात खोचून आणायला लागलो. ती टार्ट चमच्याने शोधत असल्यासारखी खायची. एका बुधवारी मी तिला घरी सोडायला निघालो तेव्हा पुलावर ती थांबली.

"मुकू, मला तुझा चेहरा दिसत नाही. कडा दिसतात, कान दिसतात, मध्ये धूर. डॉक्टर म्हणाला, हे परत येणार नाही."

मी तिच्या शेजारी कठड्याला टेकलो.

"सेर्व्हेला सांगू नकोस. त्याला कळलं की तो चांगल्या मनाने ती ओळ पुसेल. म्हणेल, बिचारीला आता त्रास नको. मग मी तिथे जाऊन काय करू? म्हाताऱ्या बाईसारखी टार्ट खात बसू?"

"बसलीस तर काय झालं?"

"ते तुला चालेल. मला चालणार नाही. मी तिथे असते म्हणून काहीतरी होतं. मी नसले तर होत नाही. माझ्याकडे एवढंच आहे."

मी कोणाला सांगितलं नाही.

ती बोटांनी रफू करत राहिली. सुरुवातीला बोटांनी साथ दिली. मग दिली नाही. उजवीकडच्या लांब कडेजवळ, दोनेने फाडलेल्या एका जागी, धागे एकमेकांवर चढले आणि बारीकसा उंचवटा राहिला. पानाखाली वाटाण्याचा दाणा राहावा तेवढा. चेंडू त्यावरून गेला की हलकीशी उडी मारायचा. मी ते पहिल्याच दिवशी पाहिलं. आता कोणीतरी बोलणार, ओरडणार. पण कोणी बोललं नाही. दोनेचा चेंडू त्या बाजूला जायला निघाला की तो खेळ बदलायचा. सेर्व्हे तिकडे फडकं फिरवायचा तेव्हा हात अलगद वर उचलायचा. मला वाटायचं, त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. नवं कापड घालायची वेळ झाली होती, तरी सेर्व्हे दर वर्षी म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू."

मग दरीखालच्या गावची टीम साखळी सामन्यासाठी आली. रविवार होता, नोएला खुर्चीवर होती. त्यांचा रेमाकल नावाचा खेळाडू पुढे होता, छान खेळत होता. त्याचा चेंडू लांब कडेने निघाला, अगदी लाल चेंडूच्या वाटेवर, आणि त्या उंचवट्यावर उडी मारून बाजूला गेला. रेमाकल गुडघ्यांवर बसला, बोट फिरवलं आणि वर बघून म्हणाला, "हे कोणी शिवलंय? डोळे मिटून शिवलंय का?"

मी नोएलाकडे बघितलं नाही. बघायचं धैर्य नव्हतं.

"तिथे चेंडू उडतो," दोने म्हणाला. "आम्ही तिकडून जात नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"टेबल आमचं आहे."

"सगळ्यांना माहीत होतं? आणि पाहुण्यांना कोणी सांगितलं नाही?"

"बरोबर आहे तुझं," सेर्व्हे म्हणाला. "सांगायला हवं होतं. चूक आमची. सामना तुमचा."

"अरे, मी सामना नाही मागत. मी विचारतोय, हे नीट करून का घेत नाही?"

सेर्व्हेने फडकं खांद्यावर टाकलं. "सामना तुमचा," तो पुन्हा म्हणाला. त्याने पेकेत या आमच्याकडच्या कडक दारूची बाटली काढली. "कोण कोण घेणार?"

रेमाकल वाईट माणूस नव्हता. त्याने इकडे तिकडे बघितलं, खुर्चीवरच्या बाईकडे बघितलं, तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे बघितलं आणि कॅप काढली. पण नोएला उठली होती. कोट चढवायला तिला वेळ लागला. कोणी मदत केली नाही, तिने करू दिली नसती. दार बंद झालं. टार्ट अर्धी राहिली होती.

पुढच्या बुधवारी ती आली नाही. रविवारीही नाही. आम्ही खेळायचो, पण काठी कोणी उभी करत नव्हतं. एकदा दोनेच्या तोंडून निघून गेलं, "इथे मास्से लागतो," त्याने काठी उचलली, खुर्चीकडे बघितलं आणि काठी आडवी केली. असे किती आठवडे गेले ते मी मोजले नाहीत. दोने म्हणाला, "मुकू, तू जा. मी गेलो तर ती मला जिन्यावरून ढकलेल. तुला ढकलताना तिला वाईट वाटेल."

मी गेलो. तिने दार उघडलं आणि माझ्या कानाकडे बघत म्हणाली, "ओळ पुसली का?"

"नाही."

"का नाही पुसली?"

"स्टुलावर चढायला सेर्व्हेचे गुडघे दुखतात."

ती मान हलवत हसली. "इथे येऊन खोटं बोलायला शिकलास." मग म्हणाली, "त्यांना माहीत होतं?"

"असं दिसतंय."

"तू सांगितलंस?"

"नाही. त्यांनी मलाही सांगितलं नाही. मी त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते माझ्यापासून."

हे ऐकून तिने कपाळाला हात लावला. मी सांगितलं की बुधवारी जुनं कापड निघणार आहे आणि सेर्व्हेला ते तिच्याशिवाय काढायचं नाही. ती येते म्हणाली नाही. पण बुधवारी मी खाली उभा होतो तेव्हा ती कोट घालून उतरली.

कापड बसवणाऱ्या माणसाने कडा सुट्या केल्या, पिना उपसल्या आणि ते दुपदरी चादरीसारखं उचललं. खाली राखी दगड उघडा पडला. सेर्व्हेने ते जुनं कापड जवळच्या दोन टेबलांवर पसरलं, आणि पसरताना ते उलटं पडलं. वरून कधी न दिसलेलं सगळं त्या उलट्या अंगाला होतं. बारीक बारीक चौकोनी दाट जागा, धाग्यांची टोकं, सगळ्या टेबलभर. आम्ही बघतच राहिलो. नोएलाला दिसत नव्हतं. तिने हात टेकले.

तिची बोटं सरकू लागली. "हा दोने," ती म्हणाली. "बैल कुंपणात घुसावा तसा. हाही दोने. हाही." बोटं पुढे गेली. "हा कोण, त्या पोस्टातल्या माणसाचा, सरळ चीर. आणि हा..." ती थांबली, गालात हसली. "हा सेर्व्हे."

"कोण?" दोने म्हणाला.

"सेर्व्हे. सकाळी कॅफे उघडायच्या आधी एकटा मारायचा. मला चिठ्ठी पाठवायचा, लवकर ये म्हणून. हाही सेर्व्हे. आणि हा."

सेर्व्हेचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. "पाटी मीच लावलीय, मला हक्क आहे," तो पुटपुटला.

"इतकी वर्षं मला बाहेर हो म्हणायचास तू," दोने म्हणाला.

"आणि हे बघा मुकूचं," नोएला म्हणाली. "दोन धागे. माफी मागून फाडलेलं."

मग तिचा हात लांब कडेपाशी पोचला. तिने तो उंचवटा दोन बोटांत धरला, उलट्या अंगाला तर तो गुठळीच होता. "हे माझं," ती म्हणाली. "गाठीवर गाठ. रफूखात्यात असते तर उसवायला लावलं असतं. आणि याला तुम्ही किती दिवस वळसा घालून खेळताय?"

दोने म्हणाला, "मोजलं नाही. पण त्याने माझा मास्से सुधारला. तिकडून जायचं नाही म्हटल्यावर चेंडू वळवावाच लागतो."

"गाढवं आहात सगळी," नोएला म्हणाली. तिचा हात कापडावरून उठला नाही. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "फार केलंत माझ्यासाठी. मी मात्र रागावून घरी बसले."

"टार्ट अर्धी टाकून," सेर्व्हे म्हणाला. "ते मला जास्त लागलं."

नवं कापड ताणून बसेपर्यंत दुपार झाली. सेर्व्हेने तिची खुर्ची टेबलाच्या जवळ ओढली.

"मी बसेन," ती म्हणाली, "पण शिवणार कोण?" आणि तोंड माझ्याकडे वळवलं.

"मला जमणार नाही," मी म्हणालो.

"मास्सेच्या वेळीही हेच म्हणाला होतास."

"तेव्हा फाटलं होतं."

"आणि मग? गिरणी बुडाली? बस इथे. डोळे तुझे, बोटं माझी. मी सांगेन तिथे टोचायचं."

पुढे आम्ही तसंच केलं. माझ्या बोटांवर तिची बोटं ठेवून तिने मला धागा भरायला शिकवलं, आणि मी वाईट भरला की न बोलता उसवायला लावलं. अजून माझं काम सापडतं. ती असती तर तिने ते लगेच शोधलं असतं. पण त्या दिवसात मी तिच्या इतक्या जवळ बसून काहीतरी शिकलो, याबद्दल मी ज्याचे आभार मानायचे त्याचे रोज मानतो. तिचे मानायला गेलो तर ती विषय बदलायची.

त्या बुधवारचं सांगायचं मात्र राहिलं. नव्या कापडावर तीन चेंडू मांडले होते. लाल चेंडू पलीकडे, मध्ये पांढरा आडवा. दोने काठीला खडू लावत उभा होता आणि मारत नव्हता.

"काय झालं?" नोएलाने विचारलं.

"नवं कोरं आहे."

"मग?"

सेर्व्हे स्टुलावर चढला होता. त्याने खडूने ओळ पुन्हा गिरवली, खाली उतरला आणि दोनेला म्हणाला, "वाचता येतं ना? नोएला आहे. मार."

दोनेने काठी उभी केली. ठोका बसला. चेंडू सटकला, थबकला, फिरला आणि आडव्या आलेल्याला वळसा घालून लाल चेंडूला जाऊन अलगद टेकला. गुण मोजायचं कोणाला सुचलं नाही. आम्ही सगळे ठोक्याच्या जागेवर वाकलो. मी बोट फिरवलं, मग तिचं बोट धरून तिथे नेलं.

"काहीच नाही?" ती म्हणाली.

"काहीच नाही."

"सुई ओवून आणलीयस ना?"

"आणलीय."

ती खुर्चीत मागे रेलली आणि टार्टची ताटली जवळ ओढली.

"दोने," ती म्हणाली, "पुन्हा मार."